कुजबुजीला सूर नसतो

कुजबुजीला सूर नसतो, हे आमच्या शाळेत पूर्वी कोणी शिकवत नव्हतं. आता चौथीच्या विज्ञानात त्यावर एक धडा आहे. तो मीच लिहिला. पण तो धडा मला ज्या मुलीमुळे कळला, तिची हकीकत पुस्तकात घालता आली नाही. ती इथे लिहिते. प्रभूकडे मागणं एवढंच, की लिहिताना माझ्या हातून माझी चूक लहान होऊ नये.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गिरजेआळीत, आमची संत सेसिलिया प्राथमिक शाळा आहे. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं; आता ते गोडं राहावं म्हणून त्याच्या काठावर खारं पाणी गाळणारे पंप बसवलेत. मी इथे मुख्याध्यापिका झाले तेव्हा मुलं विज्ञान एका वहीत लिहीत, चित्रकला दुसऱ्या, धर्मशिक्षण तिसऱ्या, आणि एका वहीची दुसरीशी ओळख नसे. मला ते खटकायचं. ज्या देवाने पाण्याची वाफ केली त्याच देवाने कंठ दिला, मग दोन्ही एका तासाला का शिकवू नयेत? म्हणून मी ‘एकमेळ’ सुरू केला. मुलांनी बावखलाचा पंप उघडून बघायचा, त्याचं चित्र काढायचं, पाणी कसं चढतं ते मोजायचं, आणि शेवटी त्या सगळ्यावर कीर्तन.

कीर्तनाला माणूस गावातच होता. कायतान मचाडो. सगळे त्यांना बुवा म्हणत. सकाळी केळीची वाडी, संध्याकाळी कीर्तन. पांढरा झुब्बा, खांद्यावर उपरणं, गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या. लहानपणापासून मला कीर्तनाचं वेड. साधं प्रवचन ऐकताना माझा डोळा लागतो, पण तेच कोणी गाऊन सांगितलं तर अंगावर काटा येतो. बुवांचा आवाज म्हणजे पितळी घंटेवर कोणीतरी मायेने हात ठेवलाय असा. आठवड्यातून दोनदा ते शाळेत येत आणि मी लिहून दिलेला धडा पदात बांधत.

सूर्य तापे सागरावर, वाफ चाले वर वर,
गार वारा भेटे तिला, थेंब पडे घरावर.

हे जलचक्र. पाढे ओवीत होते, दहा आज्ञा दिंडीत, फुलाचे भाग आरतीच्या चालीत. दोन वर्षांत आमच्या मुलांना इतकं पाठ झालं, की बिशपसाहेब भेटीला आले तेव्हा जेवण सोडून ऐकत बसले. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, चांगलाच वाटला.

बुवांची एकुलती एक मुलगी बेनिता चौथीत होती. बेनी. बाप घरात चाल बांधायचा तेव्हा पहिली ऐकायची ती. त्यामुळे इतर मुलांना जे शाळेत पाठ व्हायचं ते तिला आधीच येत असे, आणि ती वर्गात पुढे होऊन टाळ धरायची. त्या ऑगस्टमध्ये तिला मेंदूज्वर झाला. ताप अकरा दिवसांत उतरला, पण ती बाराव्या दिवशी उठून बसली आणि आईला म्हणाली, “मम्मी, तू नुसतं तोंड का हलवतेस?”

कानाच्या आत एक शंखासारखी हाडाची नळी असते. ध्वनीचं थरथरणं तिथे विजेच्या इशाऱ्यात बदलतं आणि मेंदूकडे जातं. मेंदूज्वराने ती नळी आतून हाडाने भरून टाकली होती. जुनी यंत्रं त्या नळीत तार घालतात. इथे तार जायला वाटच नव्हती. पण मुंबईच्या डॉक्टर सबनीसांकडे नवी सोय होती, श्रवणजाळी. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ जाळी, मेंदूच्या ज्या भागाला ऐकू येतं त्याच भागावर थेट पसरायची. कानामागच्या लहान यंत्राने आवाज पकडायचा, जाळीला कळवायचा, जाळीने मेंदूला.

अडचण एकच. कुठल्या आवाजाला मेंदूतली कुठली जागा, हे प्रत्येक माणसात वेगळं असतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर चाळीस दिवस मुलाला काहीतरी असं आठवायला लावायचं, जे त्याला शब्दन् शब्द पाठ आहे. आपण पाठ असलेलं मनात म्हणतो तेव्हा मेंदूच्या त्याच जागा उजळतात, ज्या ऐकताना उजळतात. जाळी ते बघते, शेजारी ध्वनिमुद्रण चालू असतं, आणि दोन्ही जुळवून ती आपला कोश तयार करते. डॉक्टर याला पाया-पाठ म्हणत. आठवण हाच शब्दकोश, असं त्यांनी मला समजावलं. मला ते इतकं सुंदर वाटलं, की मी बावखलावर जाऊन देवाचे आभार मानले.

इस्पितळाचा फॉर्म शाळेकडे आला. ‘मुलाला तोंडपाठ असलेला किमान तीन तासांचा मजकूर, परिचित आवाजात.’ आता आमच्या शाळेत तोंडपाठ म्हणजे काय? सगळं गायलेलं. बेनीला साध्या बोलण्यातलं काहीच पाठ नव्हतं, एक कविता नाही, एक परिच्छेद नाही. मी बुवांच्या कीर्तनांची मुद्रणं पाठवली आणि फॉर्मवर लिहिलं: ‘शालेय पाठांतर’. बोललेलं की गायलेलं, हे फॉर्मने विचारलं नाही. आणि माझ्या मनात ते आलंच नाही, कारण माझ्यासाठी त्यात फरकच नव्हता.

जानेवारीत जाळी जागी झाली. इस्पितळाच्या खोलीत डॉक्टर, बुवा, त्यांची बायको जासिंता आणि मी. डॉक्टर म्हणाल्या, “बेनिता, माझं ऐकू येतंय?” बेनीने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, डब्यात वाळू हलवल्यासारखं वाटतंय. जासिंताने हाक मारली, तीही वाळूच. मग बुवांना राहवलं नाही. त्यांनी हलकेच सुरुवात केली, सूर्य तापे सागरावर. बेनीचा चेहरा उघडत गेला. दुसरी ओळ तिने स्वतः म्हटली. आम्ही सगळे रडलो. डॉक्टर तेवढ्या रडल्या नाहीत, त्या पडद्यावरचे आकडे बघत राहिल्या, आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “टीचर, तुम्ही मला गाणं पाठवलंत?”

जाळीने कोश केला होता, पण गाण्याचा. जिथे सूर टिकतो तिथेच शब्द असतो, असं ती शिकली होती. साध्या बोलण्यात सूर सतत घसरतो, त्याला ती कचरा समजून टाकून देत होती. म्हणजे बेनीला ऐकू येणार होतं, पण कोणी गाऊन बोललं तर. समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारे चष्मे मिळत, पण ते दोन वर्षं वापरायचे नव्हते, नाहीतर मेंदू वाचण्यावरच विसंबला असता. अगदी अडलं तर पाटी. यंत्राकडूनच बोलण्याला सूर लावून बघितला. शब्द कळले, पण बेनी घाबरून म्हणाली, सगळ्यांच्या तोंडातून पप्पाच बोलतात आणि ते पप्पा नाहीत. तो प्रयोग तिथेच थांबला.

पहिला महिना मात्र शाळेत मजा होती. सगळा वर्ग गाऊन बोलायचा. कोणी पाढ्याच्या चालीत डबा मागायचं, कोणी दहा आज्ञांच्या चालीत वेणी सुटल्याचं सांगायचं. आमच्या चर्चचे फादर ज्योकिम तर मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, गाऊनच म्हणायचे, त्यांना काहीच बदलावं लागलं नाही. भाजीवाल्या कोन्सुबाई एकदा तिला वांग्यांचा भाव आरतीत सांगू लागल्या तेव्हा अख्खी आळी हसली आणि बेनी सगळ्यात जास्त हसली.

घरात मात्र कोणी हसत नव्हतं. जासिंताला सूर नाही. अजिबात नाही. लग्नात नवरीकडून गाणं म्हणून घेतात तेव्हा ती नुसते ओठ हलवून उभी होती, हे बुवाच चेष्टेत सांगत. आता ती लेकीला जेवायला बोलवायची तर आधी चाल जुळवायची, चुकायची, आणि बेनी म्हणायची, “मम्मी, परत.” तिसऱ्यांदा चुकलं की जासिंता पाटी घ्यायची. एकदा ती सुकेळी करत असताना मी तिच्याजवळ बसले होते. पिकलेली केळी सोलून ती वाळत घालत होती. बोलता बोलता म्हणाली, “अल्बिना टीचर, माझी पोर आता त्यांचीच आहे. माझ्याशी ती पाटीवर बोलते, शाळेतल्या बाईंशी बोलावं तशी.” फॉर्म मी भरला होता.

मग ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, आणि त्याबरोबर चौथीच्या मुलांचं पहिलं पापनिवेदन, म्हणजे फादरांना एकट्याने आपली पापं सांगणं.

त्याच्या दोन दिवस आधी वर्गात भांडण झालं. रेशल नावाची बेनीची जिवलग मैत्रीण. तिने मधल्या सुट्टीत चार मुलींच्या कानात एक गुपित सांगितलं. बेनीने कान पुढे केला. रेशलने कुजबुज केली, बेनीला वाळूसुद्धा ऐकू आली नाही. रेशलने हळू आवाजात गाऊन बघितलं. गाणं कितीही हळू म्हटलं तरी गाणंच. अर्ध्या वर्गाला कळलं, की रेशलची आई घर सोडून जाणार आहे. रेशल रडत सुटली आणि पुढे आठवडाभर बेनीशी बोलली नाही, ना साधं ना गाऊन.

मी त्या दिवशी पहिल्यांदा फळ्यावर लिहून काढलं. आपण बोलतो तेव्हा कंठातल्या पट्ट्या थरथरतात, त्या थरथरण्याचा सूर होतो. कुजबुजताना पट्ट्या थरथरतच नाहीत, नुसता श्वास शब्दांवरून जातो. म्हणून कुजबुज गाता येत नाही. जगात कोणीही, कितीही मोठा गवई असो, गुपित गाऊन सांगू शकत नाही.

फादर ज्योकिम माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनातही तेच होतं. पापनिवेदनात ते मुलांच्या कानाशी दोन शब्द बोलतात. बेनीला ते गाऊन सांगितले तर रांगेतली मुलं ऐकणार, आणि त्या संस्काराची गुप्तता तर मोडता येत नाही. शेवटी त्यांनी पाटी नेली, लिहिलं, तिला दाखवलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. बेनी बाहेर आली ती सरळ माझ्याजवळ. तिने मला विचारलं, “टीचर, सगळ्यांशी देव कानात बोलतो. माझ्याशी पाटीवर बोलणार का?”

बुवा खांबाशी उभे होते. त्यांनी ऐकलं.

डॉक्टरांनी एक उपाय आधीच सांगून ठेवला होता. जाळी पुसून नव्याने पाया-पाठ घेता येतो. एकदाच, आणि दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, कारण त्यानंतर मेंदूची ती जागा हट्टी होते. पण दोन कोश एकत्र नांदत नाहीत. ज्या जागा सुरासाठी राखल्या होत्या त्या श्वासाला, व्यंजनांना, कुजबुजीला द्याव्या लागणार. नंतर तिला सगळं बोलणं कळेल. गाणं मात्र खरवडल्यासारखं लागेल, कायमचं. बुवांनी ते ऐकून जानेवारीतच कागद घडी करून बायबलमध्ये ठेवून दिला होता. जासिंताने दोनदा काढून त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी दोनदा परत ठेवला. तिसऱ्यांदा ती त्यांना माझ्यासमोर म्हणाली, पोरीच्या कानात दुसरं कोणी येऊ नये असंच तुम्हाला वाटतंय. बुवांचं तोंड उतरलं, कारण ते थोडं खरं होतं.

पापनिवेदनाच्या त्या दुपारी ते चर्चमध्येच बसून राहिले. संध्याकाळी सही केलेला कागद मला आणून दिला. “तुम्ही पाठवा, टीचर,” म्हणाले. “यावेळी नीट बघून पाठवा.” त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

नवा पाया-पाठ बोललेला हवा होता, आणि तो बेनीला पाठ हवा होता. जासिंता म्हणाली, माझं बोलणं द्या. तीन महिने ती रोज आपलं बोलणं पाटीवर लिहायची आणि ओठ दाखवत म्हणायची. केळं किती पिकलं की सोलायचं, कोणत्या शेजारणीने काय म्हटलं, वेणी घालताना हलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं, आजी कशी हसायची. सगळं आमच्या घरच्या बोलीत. बेनीने ते शब्दन् शब्द पाठ केलं. मला वाटतं जगात कुठल्याच मुलीने आईची किरकिर इतक्या भक्तीने पाठ केली नसेल.

जाळी पुसायच्या आदल्या दुपारी बुवांनी लेकीला वाडीत नेलं आणि आपल्याला येत होतं ते सगळं गायलं. मी कुंपणापलीकडून ऐकलं. मला तिथे थांबायचा हक्क नव्हता, तरी थांबले.

जुलैमध्ये बेनी परत आली तेव्हा पाचवीचा वर्ग शांत बसला होता. रेशल उठली, तिच्या कानाशी गेली आणि काहीतरी कुजबुजली. बेनी लाल झाली आणि दोघी फिदीफिदी हसल्या. काय सांगितलं ते आजपर्यंत कोणाला माहीत नाही. घरी जासिंता दिवसभर बोलायची. इतकी, की बेनी वैतागून म्हणायची, मम्मी, जरा थांब ना. जासिंताला ते ऐकून भरून यायचं.

बुवा घरात बोलत असत, गात नसत. पण सवय जात नाही. चिपळ्या हातात आल्या की एखादी ओळ निसटायचीच. ती निसटली, की बेनीचा हात कानामागे जायचा आणि ती यंत्र काढून मांडीवर ठेवायची. बुवांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

नोव्हेंबरमध्ये, शाळेच्या सणाच्या आठवडाभर आधी, चित्रकलेच्या तासाला आम्ही बावखलावर होतो. बेनी माझ्याजवळ आली, माझी मान खाली ओढली आणि माझ्या कानात कुजबुजली. “पप्पा गातात तेव्हा मी हे काढते ना, मग मला सगळं ऐकू येतं. आधीचं. त्यांचे ओठ बघायचे फक्त.” मग म्हणाली, “कोणाला सांगायचं नाही. मम्मीला वाटेल, तिचं मला आवडत नाही.” मी गळ्यातला क्रूस हातात घेऊन वचन दिलं. माझ्या चुकीने जिला गुपित म्हणून काही उरलं नव्हतं, तिचं हे गुपित होतं.

चार दिवसांनी बुवा आले. म्हणाले, संत सेसिलियेच्या सणाला यंदाचं कीर्तन नुसतं बोलून करतो. “ती काढून ठेवते, टीचर. माझा आवाज तिला खरवडतो.” माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, “गा, बुवा. कारण विचारू नका, पण शेवटचं पद तरी गा.” त्यांना वाटलं असावं, या बाईला अजून आपल्याच कानांची पडली आहे.

सणाच्या दिवशी चर्च भरलं होतं. आख्यान बायबलमधल्या जखऱ्याचं होतं. वाचा गेलेला जखऱ्या, मुलगा झाल्यावर पाटी मागवून त्यावर नाव लिहिणारा. बुवांनी ते बोलून सांगितलं, आणि काय सांगितलं! बेनी पुढच्या बाकावर आईला टेकून प्रत्येक शब्द ऐकत होती. मग ते पदाशी आले. पेटीवाल्याने सूर दिला, तबला लागला. बुवांनी पहिला शब्द उचलला. बेनीचा हात कानामागे गेला.

बुवांचा आवाज थांबला. ओठ थांबले नाहीत. ते पूर्ण पद त्यांनी तसंच म्हटलं, मुक्याने, चिपळ्या न वाजवता, लेकीला त्रास होऊ नये म्हणून. पेटी गांगरून गप्प झाली, तबलाही. भरल्या चर्चमध्ये शंभर-दोनशे माणसं काहीच ऐकत नव्हती. आणि पुढच्या बाकावर, यंत्र मांडीवर ठेवून, बेनी बापाच्या तोंडाकडे बघत गुडघ्यावर ताल धरत होती. एक मात्रा चुकली नाही. मंडळींना वाटलं, बुवांचा गळा दाटून आला. कोणी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर त्यांनी कीर्तन सोडलं. घसा साथ देत नाही, म्हणायचे.

याला चौदा वर्षं झाली. मी वचन मोडलं नाही. ते बरोबर केलं की नाही, हे मी पापनिवेदनात दोनदा विचारलं आहे आणि दोन फादरांनी दोन उत्तरं दिली. या उपवासकाळात बुवा प्रभूकडे गेले. दफन झाल्यावर माणसं पांगली. जासिंताला शेजारणी घरी घेऊन गेल्या. बेनी आणि मी कबरीशी उरलो. ती आता इस्पितळात जाळीवरच काम करते; तिथल्या नव्या फॉर्ममध्ये बोललेलं की गायलेलं, असा रकाना आहे. तो तिने घातला. आता ते गुपित सांगायला हरकत नाही, असं ती म्हणाली. मम्मीला तिने स्वतःच सांगितलं होतं, आणि पप्पांना सांगायचं राहून गेलं होतं.

मग तिने विचारलं, “टीचर, त्या सणाला पप्पांनी शेवटचं पद म्हटलं ना, मी यंत्र काढून बसले होते. मला आठवणीतलं ऐकू आलं. पण तुम्ही खरं ऐकलंत. कसा लागला होता आवाज?”

खोटं बोलणं सोपं होतं. मोठ्याने बोलणं मला जमलं नाही. मी तिच्या कानाशी वाकले आणि जे घडलं ते सांगितलं. कुजबुजीला सूर नसतो; तिला प्रत्येक शब्द कळला.

मग तिने कानामागचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं, ओल्या मातीजवळ गुडघे टेकले, आणि डोळे मिटून मांडीवर ताल धरला.